पंचगंगा नेमकी कोण नासवतं? आणि ‘सगळ्यात जास्त कोण’ हे ठरवायचं कसं?

पंचगंगा कुणी नासवली, असं विचारलं की उत्तर माणूस नदीच्या कुठल्या टप्प्यावर राहतो त्यावर ठरतं. शिरोळचा शेतकरी इचलकरंजीकडे बोट दाखवतो. इचलकरंजीकर वर कोल्हापूरकडे बघतो. कोल्हापूरकर म्हणतो, कारखान्यांनी मळीचं पाणी सोडलं. कारखान्यातला माणूस म्हणतो, आमच्याकडून थेंब बाहेर जात नाही, आधी शहराचे नाले बघा. आणि गणपती जवळ आले की सगळे मिळून मूर्ती आणि निर्माल्यावर घसरतात.

यातलं कुणीच साफ खोटं बोलत नाही, हीच अडचण आहे. प्रत्येकाचं काही ना काही नदीत जातंच. खरा प्रश्न आहे तो कुणाचं किती. पैसा, यंत्रणा आणि लोकांचा संताप, तिन्ही मोजकेच असतात. पहिल्या नंबरवर चुकीचं नाव बसलं की ते तिन्ही चुकीच्या दारात खर्ची पडतात. हा हिशेब करायची पद्धत आहे, आणि त्यातलं गणित सातवीच्या वरचं नाही.

आधी नदी डोळ्यांपुढे आणू. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, आणि पाचवी गुप्त सरस्वती, या मिळून कोल्हापूरच्या वर प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. तिथून शहराला वळसा घालत शिरोली, रुकडी, इचलकरंजी, तेरवाड असं करत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. लांबी जेमतेम ऐंशी किलोमीटर. एवढ्याशा अंतरात एक मोठं शहर, एक कापडाचं गाव, औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आणि दोन्ही काठांना ऊसच ऊस. नदीचं प्रदूषण शिकायचं तर याहून चांगला वर्ग महाराष्ट्रात मिळणार नाही.

दिसतं ते आणि असतं ते

नदीकडे बघून आपण रंग, फेस आणि वास यांवर निकाल देतो. रंगीत पाणी दिसलं की तेच सगळ्यात वाईट वाटतं. पण माशाला रंगाशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला पाण्यात विरघळलेला प्राणवायू हवा असतो. आपल्या हवामानात स्वच्छ वाहत्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. चारच्या खाली गेला की मासे कासावीस होतात, दोनच्या खाली गेला की वर येऊन तडफडतात.

हा प्राणवायू कोण खातं? सूक्ष्मजीव. मैला, खरकटं, साखर, स्टार्च असं कुजण्याजोगं काहीही पाण्यात आलं की ते त्यावर तुटून पडतात आणि खाता खाता प्राणवायू संपवतात. ते किती संपवतील, याचं माप म्हणजे बीओडी. प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस बंद बाटलीत ठेवतात आणि प्राणवायू किती घटला ते बघतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे आंघोळीच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. तो ३ ते ६ असेल तर नदीचा तो पट्टा प्रदूषितांच्या यादीत पाचव्या, म्हणजे सगळ्यात सौम्य वर्गात जातो. ३० च्या वर गेला की पहिल्या वर्गात, आणि या यादीत पहिला नंबर म्हणजे सगळ्यात वाईट. २०२२ च्या यादीत देशभरात असे ३११ पट्टे होते, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात. सगळ्या राज्यांत जास्त.

आता हिशेबाकडे. नुसता बीओडी बघून क्रमवारी लागत नाही. दाट घाण थोडीशी येते की पातळ घाण लोंढ्याने येते, हे बघावं लागतं. म्हणून दोन आकडे गुणायचे: पाणी किती आणि त्यात घाण किती. पाणी एमएलडीत, म्हणजे रोज किती दशलक्ष लिटर. घाण मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. दोन्हींचा गुणाकार केला की थेट रोजचे किलो मिळतात, मध्ये कुठलंही रूपांतर लागत नाही. याला भार म्हणतात, आणि सगळी क्रमवारी या भारावर उभी असते.

नाल्याचं पाणी मोजायला महागडं यंत्र लागतं असंही नाही. नाल्याचा सरळ तुकडा बघायचा, काठावर दहा मीटरवर दोन खुणा करायच्या आणि वरच्या खुणेपाशी एक संत्रं टाकायचं. संत्रं अर्धं बुडून तरंगतं, वाऱ्याने भरकटत नाही. समजा दहा मीटर जायला त्याला २५ सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला ०.४ मीटर. नाला दोन मीटर रुंद आणि सरासरी तीस सेंटिमीटर खोल असेल तर दर सेकंदाला ०.२४ घनमीटर पाणी. तळाशी आणि कडेला पाणी हळू असतं, म्हणून ०.८५ ने गुणून घ्यायचं. सेकंदाला साधारण २०४ लिटर झाले, दिवसाचे १७.६ एमएलडी. नमुन्याचा बीओडी १२० आला तर रोजचा भार २,११२ किलो. उडी मारून ओलांडावा असं वाटायला लावणारा नाला, आणि रोज दोन टनांचा भार! एक अट मात्र आहे. हे मोजमाप दिवसातून एकदा करून भागत नाही. सकाळी सात ते दहा शहर आंघोळ, भांडी, धुणं उरकत असतं तेव्हाचा नाला वेगळा, रात्री दोनचा वेगळा. म्हणून दर तासाला थोडं थोडं पाणी घेऊन चोवीस तासांचा मिश्र नमुना करतात.

आणि नाला हा मुळात स्रोत नसतोच. वाहून आणणारा असतो. कोल्हापुरात जयंती नाला म्हटलं की त्यात घरं, हॉटेलं, गॅरेजं, गोठे, छोटी वर्कशॉपं सगळी आली. खऱ्या स्रोताशी पोचायचं असेल तर नाल्याच्या तोंडापासून उलटं वर चालत जावं लागतं. दोन नाले मिळतात तिथे दोन्हींचे नमुने घ्यायचे, ज्यात भार जास्त त्या फाट्याने पुढे जायचं. असे चार-पाच फाटे ओलांडले की बहुतेकदा एखाद्या पाइपाशी किंवा एखाद्या वस्तीपाशी येऊन माणूस थांबतो.

मैल्याचा हिशेब कागदावरही होतो

सांडपाण्यासाठी तर नाल्यात न उतरताही बऱ्यापैकी अंदाज येतो. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी गृहीत. त्यातलं ऐंशी टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी म्हणून बाहेर पडतं. माणशी बीओडीचा भार साधारण २७ ग्रॅम धरतात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. गुणाकार केला की रोजचा भार १४.८ टन. इचलकरंजीची तेव्हाची लोकसंख्या २ लाख ८७ हजार, तिचे पावणेआठ टन. दोन्ही गावं मिळून साडेबावीस टन, तेही जुन्या लोकसंख्येवर आणि नदीकाठची खेडी न धरता.

हा सगळा भार नदीत जात नाही, हे खरं. कोल्हापुरात कसबा बावड्याला ७६ एमएलडीचा आणि दुधाळीला १७ एमएलडीचा प्रक्रिया प्रकल्प आहे. बेरीज ९३. वरच्या गृहीतावर शहराचं सांडपाणी निघतं ५९ एमएलडी. म्हणजे कागदावर क्षमता हवी त्याहून जास्त. मग नदीत घाण दिसतेच कशी?

कारण प्रकल्पाची क्षमता आणि प्रकल्पापर्यंत पोचणारा मैला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जयंती नाल्याचं पाणी अडवून, उपसून बावड्याला पाठवावं लागतं. वीज गेली, पंप बंद पडला, जोराचा पाऊस झाला की तेच पाणी बांध ओलांडून सरळ नदीत. शिवाय ज्या वस्त्यांत ड्रेनेज लाइनच पोचलेली नाही तिथलं पाणी गटारातून, ओढ्यातून आपली वाट शोधतं.

यातला एक हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून आकडे धरून करून बघू. समजा शहराच्या मैल्यातला ८० टक्के प्रकल्पात पोचतो आणि प्रकल्प त्यातला ९० टक्के भार काढतो. न पोचलेले २० टक्के थेट नदीत: जवळजवळ ३ टन. प्रकल्पातून बाहेर पडणारा उरलेला भार: १.२ टन. एकूण ४.२ टन. म्हणजे नदीत जाणाऱ्या भारातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा त्या मूठभर मोकळ्या नाल्यांचा. आता खर्च करायचा झाला तर कुठे? प्रकल्प सुधारून ९० चे ९५ टक्के केले तर सहाशे किलो वाचतात. त्याऐवजी मोकळ्या २० टक्क्यांतलं निम्मं पाणी प्रकल्पाला जोडलं तर तेराशे किलो वाचतात. तरीही उद्घाटन नेहमी नव्या प्रकल्पाचंच होतं. गल्लीतल्या लाइनजोडणीची फीत कोण कापणार?

देशाचं चित्रही याच वळणाचं आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार भारतातल्या शहरांतून रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी निघत होतं आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती २०,२३६ एमएलडीवर. प्रक्रियेची उभारलेली क्षमता मात्र ३१,८४१ होती. म्हणजे जे बांधलं त्यातलंही एक तृतीयांश वापरात नव्हतं.

मळीचा टँकर

मग साखर कारखाने सुटले का? अजिबात नाही. पण त्यांचा हिशेब वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

कारखान्याच्या साध्या सांडपाण्याचा बीओडी हजार-दीड हजारापर्यंत असतो, मैल्याच्या कितीतरी पट. पण खरा जहाल माल डिस्टिलरीचा. मोलॅसिसपासून, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकापासून, एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. लोक मळीचं पाणी म्हणतात ते हेच. गडद तपकिरी, गरम, आंबूस वासाचा. त्याचा बीओडी चाळीस-पन्नास हजार. नियम असा आहे की यातलं काहीच बाहेर सोडायचं नाही, जाळायचं किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्यात, मुरवून खत करायचं. नियम पाळणारे पाळतात. ज्याची साठवण टाकी भरत आली आहे आणि ज्याला रात्रीचा ओढा जवळ आहे, त्याच्यासाठी मोह मोठा असतो.

दहा हजार लिटरचा एकच टँकर ओढ्यात रिकामा झाला असं धरा. बीओडी चाळीस हजार. भार झाला ४०० किलो, म्हणजे जवळजवळ पंधरा हजार माणसांच्या दिवसभराच्या मैल्याइतका. एका टँकरमध्ये अख्खं एक मोठं गाव. आणि हे ४०० किलो सगळा प्राणवायू खाऊन संपेपर्यंत पाच कोटी लिटरहून जास्त चांगल्या पाण्यातला साठा फस्त करू शकतात. बंधाऱ्यामागे पाणी तुंबलेलं असताना हे घडलं की पहाटे मासे पाण्यावर येतात. पहाटेच का, तर रात्री शेवाळही प्रकाशाअभावी प्राणवायू बनवत नाही, उलट वापरतं. उजाडायच्या सुमाराला साठा तळाला गेलेला असतो. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्यामागे प्रत्येक वेळी मळीच असते असं मात्र समजू नये. वरच्या बंधाऱ्यातलं साचलेलं पाणी एकदम खाली आलं तरी हेच होतं.

तर वर्षाची सरासरी काढली की शहराचा मैला मळीला सहज मागे टाकतो. तो ३६५ दिवस येतो. पण एखाद्या आठवड्याची क्रमवारी लावली तर मळी पहिल्या नंबरवर असू शकते, आणि मासा सरासरीवर जगत नाही, त्या एका पहाटेवर मरतो. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी घेतलेल्या नमुन्यात हा धक्का सापडायची शक्यता कमीच. म्हणूनच २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चोवीस तास चालणारी ऑनलाइन मापनयंत्रं बसवायला सांगितली. साखर आणि डिस्टिलरी दोन्ही त्यात आहेत. यंत्र अर्थातच ठरलेल्या पाइपावर असतं, टँकरच्या मागे नसतं.

कापडाचं पाणी

इचलकरंजीचा प्रश्न आणखी वेगळ्या जातीचा. इथे सायझिंगमध्ये सुताला खळ लावतात, विणल्यावर प्रोसेसमध्ये ती धुऊन काढतात, मग ब्लीचिंग, मग रंगाई. खळीतलं स्टार्च बीओडी वाढवतं. सुती कापडावर रंग चढवताना मीठ भरपूर लागतं, आणि रंगाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त कापडाला न चिकटता पाण्याबरोबर जातो. प्रोसेसवाल्यांचं पाणी एकत्र करून शुद्ध करायला १२ एमएलडीचा सामाईक प्रकल्प, म्हणजे सीईटीपी आहे.

आता असं धरू की सगळं पाणी तिथे पोचतं आणि प्रकल्प निकषात चालतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी ३० च्या आत हवा. १२ गुणिले ३०, झाले ३६० किलो. शहराच्या मैल्यापुढे काहीच नाही. पण त्याच पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा २,१०० आहे. १२ गुणिले २,१००, म्हणजे रोज २५ टन क्षार, सगळं कायद्यात बसवून. सूक्ष्मजीवांवर चालणारा प्रकल्प क्षारांना हातही लावत नाही. प्राणवायूच्या यादीत खाली असलेला स्रोत क्षारांच्या यादीत असा एकदम वर येतो. खाली शिरोळ तालुक्यात जमिनी क्षारपड होतायत. त्याचं मोठं कारण उसाला बेसुमार पाणी आणि निचऱ्याचा अभाव हे आहे, पण त्यात भर म्हणून खारं पाणी उपसून देणं कुणाच्याच हिताचं नाही.

म्हणजे ‘सगळ्यात जास्त प्रदूषण कुणाचं’ या प्रश्नाला एकच यादी पुरत नाही. किमान चार याद्या लागतात: प्राणवायू कोण खातं, रोगजंतू कोण आणतं, क्षार आणि विषारी रसायनं कुणाची, आणि नत्र-स्फुरद कुठून येतं.

रोगजंतूंच्या यादीत तर वादच नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. कारण होतं ‘हेपटायटिस ई’, मैलामिश्रित पाणी पोटात गेल्याने होणारा आजार. हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली. मळीने किंवा रंगाने कावीळ होत नाही. या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे साथ कळते तेव्हा ज्या पाण्याने घात केला ते कधीच पुढे निघून गेलेलं असतं. त्या साथीच्या सुमारास नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नदीसाठी उपाय सुचवले.

नत्र-स्फुरदाच्या यादीत शेती वर येते. उसाला टाकलेला युरिया आणि डीएपी पावसाबरोबर वाहून येतो. पण नदी केंदाळाने, म्हणजे जलपर्णीने, भरते ती प्रामुख्याने पाणी संथ असताना, आणि तेव्हा रानातून वाहून येणारं पाणी अगदी कमी असतं. उन्हाळ्यातलं केंदाळ बऱ्याच अंशी मैला आणि साबणाच्या पाण्यावर पोसलेलं असतं. शेतकऱ्याला दोष द्यायचा तर जुलैचा द्या, एप्रिलचा नको.

पातेलं केवढं आहे

आतापर्यंत फक्त घाण मोजली. नदी किती आहे हेही मोजायला हवं. आमटी खारट झाली की नाही हे मिठाच्या चमच्याएवढंच पातेल्यावरही ठरतं. वर धरलेला ४.२ टनांचा भार नदीत सेकंदाला ४० घनमीटर पाणी वाहत असताना आला तर बीओडी सव्वा एककाने वाढतो. कळणारही नाही. प्रवाह १० घनमीटरवर आला की वाढ जवळजवळ पाच. म्हणजे वरून अगदी शुद्ध पाणी आलं तरी तेवढ्यानेच आंघोळीचा निकष मोडला.

त्यातून पंचगंगा उन्हाळ्यात नदीसारखी वाहतच नाही. राजाराम, रुकडी, इचलकरंजी, तेरवाड अशी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची माळ आहे. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, टाकतात आणि नदीचे लांबट तलाव होतात. सिंचनासाठी हे वरदान आहे, पण खळाळून मिळणारा प्राणवायू बंद होतो आणि घाण गाळ होऊन तळाशी बसते. मग पाण्याला उग्र वास सुटला की मागणी होते: वरच्या धरणातून पाणी सोडा, बरगे काढा, बंधारा प्रवाहित करा. बरगे निघतात. वरच्या गावाचं पाणी सुधारतं आणि तीच काळी पट्टी खालच्या गावाच्या दारात येते. घाण एका गावाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेली, एवढाच त्याचा अर्थ. वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसातही असंच होतं. गटारांत आणि बंधाऱ्यांमागे साचलेलं एका रात्रीत ढवळून निघतं, आणि पाणी वाढलेलं असूनही मासे मरतात.

एक जुनं शास्त्र इथे उपयोगी पडतं. अमेरिकेत ओहायो नदीचा अभ्यास करताना स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये दाखवलं की घाण जिथे मिसळते तिथे प्राणवायू सगळ्यात कमी नसतो. तो खाली खाली घटत जातो, काही अंतरावर तळ गाठतो आणि मग हवेतून भरून येऊ लागतो. म्हणजे सगळ्यात वाईट पाणी दोषी पाइपाजवळ दिसत नाही, काही किलोमीटर खाली दिसतं. तिथे उभा राहिलेला माणूस साहजिकच शेजारच्या पाइपावर संशय घेतो. शिरोळकरांना सगळा दोष इचलकरंजीचा वाटतो त्यामागे थोडं हेही आहे.

नमुन्यातले ठसे

मिसळलेल्या पाण्यातून कुणाचं काय हे ओळखता येतं का? बऱ्याच अंशी. प्रत्येक घाणीचे ठसे वेगळे असतात. बीओडी आणि सीओडी यांचं गुणोत्तर बघतात. सीओडी म्हणजे रसायनाने जाळून काढलेली एकूण मागणी, त्यात न कुजणारंही आलं. गुणोत्तर अर्ध्याच्या आसपास असेल तर घाण कुजणारी, मैल्यासारखी. पाव किंवा त्याहून कमी असेल तर रंगकाम किंवा रसायनांचा संशय. पालाश आणि सल्फेट एकदम चढले आणि तपकिरी झाक असेल तर स्पेंटवॉश. सोडियम आणि क्लोराइड चढले तर कापड. मैल्यातले कोलिफॉर्म जिवाणू आहेतच, शिवाय हल्ली चहा-कॉफीतलं कॅफीन आणि साखरेऐवजी वापरतात ते सुक्रालोजही शोधतात. सुक्रालोज शरीरात जवळपास पचत नाही, त्यामुळे ते सापडलं की पाणी माणसाच्या वस्तीतून आलं हे नक्की. एखादा ठसा एकटा पुरावा होत नाही, तीन-चार जुळले की बोलता येतं.

प्रयोगशाळा लांब असली तरी एक गोष्ट काठावरच कळते. पुलावरून दोरीला बांधलेलं भांडं मधल्या धारेत सोडायचं, काठाचं पाणी घ्यायचं नाही. काचेच्या बाटलीत पाणी असं भरायचं की आत एकही बुडबुडा राहू नये. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड या दोन द्रावणांचे थोडे थेंब घालायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, जितका प्राणवायू जास्त तितका गडद. साका पांढराशुभ्र बसला तर त्या पाण्यात प्राणवायू नाहीच. एका बंधाऱ्याच्या वर आणि खाली अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की गावच्या पोरालाही वेगळं समजावावं लागत नाही.

राहिले ते नेहमीचे आरोपी. घाटावर धुणं धुणारी बाई, नदीत म्हशी घालणारा गवळी, निर्माल्य, मूर्ती. म्हशींमुळे तेवढ्या जागेपुरते जिवाणू वाढतात, तिथेच कुणी पाणी पीत असेल तर ते वाईटच. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती गाळ करतात आणि रंगांतून जड धातू येऊ शकतात, म्हणून मूर्तिदान आणि काहिलीत विसर्जन चांगलंच आहे. पण वर्षाच्या भारात या सगळ्यांची बेरीज एखाद्या मध्यम नाल्याच्या जवळही जात नाही. यांच्यावर राग काढणं सोपं आहे कारण ते घाटावर दिसतात. शहराचा मैला जमिनीखालून येतो, आणि तो आपलाच असतो.

माझी यादी विचाराल तर ती अशी. पहिला नंबर कोल्हापूर, इचलकरंजी आणि नदीकाठच्या गावांचा मैला. प्राणवायू आणि रोग या दोन्ही याद्यांत तो पुढे आहे आणि दुसरा त्याच्या जवळही नाही. यात गावं विसरू नयेत. शहराला निदान प्रकल्प आहे, चांगली मोठी झालेली गावं अजून ओढ्यावर भागवतात. दुसरा नंबर कापड प्रक्रियेचा, क्षार आणि रंगामुळे. साखर-डिस्टिलरी वर्षाच्या हिशेबात तिसरी, पण गळिताच्या हंगामात कुठल्याही दिवशी पहिली येऊ शकते, म्हणून तिच्यावर नजर वेगळ्या पद्धतीने, रात्री आणि ओढ्यांवर ठेवायला हवी. चौथी शेती. औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्री आणि प्लेटिंगचं पाणी थोडं पण धातूंचा धोका मोठा, त्यांना नंबर देण्यापेक्षा दर पाइपाचा वेगळा हिशेब मागावा असं माझं मत. कुणी क्षाराला माझ्याहून जास्त वजन देईल, तर त्याची यादी वेगळी येईल. ते चालेल, फक्त कशाला किती वजन दिलं ते त्याने उघड सांगावं.

दरम्यान दोन्ही शहरांनी आपापला मार्ग काढलाय. कोल्हापूरला २०२३ च्या दिवाळीत थेट पाइपलाइनने काळम्मावाडी धरणाचं पाणी आलं. इचलकरंजीला कृष्णेचं येतं आणि दूधगंगेचं सुळकूडहून हवं आहे, त्याला कागलकडून कडवा विरोध आहे. प्यायचं पाणी दुसऱ्या नदीतून येऊ लागलं की दारातल्या नदीवरचा दबाव कमी होतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

तुमच्या गावाची यादी करायची तर सुरुवात माहिती अधिकारातल्या तीन कागदांपासून करा. एक, नाल्यावरच्या उपसा केंद्राची लॉगशीट: पंप कधी आणि किती तास चालले. दोन, प्रक्रिया प्रकल्पाचं महिन्याचं वीजबिल: हवा भरणारे ब्लोअर चालल्याशिवाय बीओडी उतरत नाही, आणि ब्लोअर वीज खाल्ल्याशिवाय चालत नाहीत. तीन, गाळाचं रजिस्टर. हे फारसं कुणी मागत नाही. ढोबळमानाने एक टन बीओडी काढला की अर्धा टन सुका गाळ तयार होतो. रोज दहा टन काढतो म्हणणाऱ्या प्रकल्पातून महिन्याला दीडशे टन सुका गाळ निघायला हवा, आणि तो उचलणाऱ्या ट्रॅक्टरच्या खेपा कुठेतरी लिहिलेल्या असायला हव्यात. रजिस्टरात वर्षाच्या चार-सहा खेपाच असतील, तर त्या प्रकल्पाची क्षमता कागदावर कितीही असो, तुमच्या यादीत त्या शहराचा मैला न काढलेलाच धरा.